बँकेला हवा तेवढा फ्लड इन्शुरन्स आणि तुम्हाला हवा तेवढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. न्यू जर्सीत सॉमरसेट काउंटीमध्ये, रॅरिटन नदीपासून दोन-तीन गल्ल्या अलीकडे, तुम्ही दोघं पहिलं घर घेताय. किंमत ५,७०,००० डॉलर, कर्ज ४,५०,०००. क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर व्हायच्या दिवसाला, साडेतीन आठवडे उरलेत आणि आता बँकेचं पत्र आलंय की घर एई झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावरच्या पुराच्या जास्त धोक्याच्या पट्ट्यात आहे, फ्लड इन्शुरन्सचा पुरावा दिल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. घराचा नेहमीचा विमा तुम्ही आधीच ठरवलाय. विकणारे म्हणतात, बारा वर्षांत कधी पाणी आलं नाही. एक मित्र म्हणतो लोमा (घर त्या पट्ट्यातून वगळणारं पत्र) काढ, दुसरा म्हणतो डाउन पेमेंट वाढव. हातात वर्षाला २,४०० डॉलरचा कोट आहे आणि तुम्ही विचारताय, बँक आपल्याला उगाच खर्चात पाडतेय का, आणि यातून सुटका कशी करून घ्यायची?

मी एकोणीस वर्षं सेंट्रल जर्सीत घरांच्या विम्याचं काम करतो. माझे निम्म्याहून जास्त ग्राहक आपलेच लोक आहेत. हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, आणि बहुतेक वेळा असाच, क्लोजिंग तोंडावर आल्यावर. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. कायद्याने बँकेला काय हवं, याचं उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. तुम्हाला किती विमा हवा, आणि मुळात हे घर घ्यावं का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर जमिनीची उंची, बेसमेंट, तुमची शिल्लक आणि त्या घरात आजवर खरोखर काय झालं यावर आहे. बँकेची अट पुरी केली की दुसरा प्रश्नही सुटला असं लोक धरून चालतात, आणि पाणी आल्यावर तिथेच फसतात.

आधी बँकेबद्दल. ती तुम्हाला लुबाडत नाहीये. तिच्या हातात निवडच नाही. १९६८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने राष्ट्रीय पूरविमा योजना सुरू केली, जिला सगळे एनएफआयपी म्हणतात. सुरुवातीला विमा ऐच्छिक होता आणि फार कुणी घेतला नाही. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाने पेनसिल्व्हेनियात हाहाकार उडवला, तेव्हा कळलं की बुडालेल्या घरांपैकी अगदी थोड्यांकडेच विमा होता. म्हणून १९७३ च्या कायद्याने सांगितलं की सरकारी देखरेखीखालच्या कुठल्याही बँकेने, सरकारी नकाशावर (आता हे नकाशे फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था काढते) जास्त धोक्याच्या पट्ट्यात असलेल्या इमारतीवर, पूरविम्याशिवाय कर्ज द्यायचं नाही. ए किंवा व्ही अक्षराने सुरू होणारे सगळे झोन या पट्ट्यात येतात. तुमचा एई त्यातलाच. जो रोख पैसे देऊन घर घेतो त्याला ही सक्ती नाही. विकणाऱ्यांचं कर्ज फिटलेलं असेल आणि त्यांच्याकडे पॉलिसी नसेल, तर त्याचं कारणही बहुधा हेच.

डाउन पेमेंट वाढवल्याने ही अट जात नाही. सूट आहे ती ५,००० डॉलरपर्यंतच्या आणि एक वर्षाच्या आत फिटणाऱ्या कर्जाला, म्हणजे घराच्या व्यवहारात नाहीच. पुढे कधी होम इक्विटीवर, म्हणजे याच घराच्या तारणावर, आणखी पैसे उचलायला गेलात तर तेव्हाही हीच तपासणी पुन्हा होईल.

आता किती रकमेचा विमा बँक मागू शकते? तीन आकडे घ्या: कर्जाची रक्कम, एनएफआयपीची कमाल मर्यादा, आणि इमारत पुन्हा बांधायचा खर्च. यातला सगळ्यात लहान आकडा ही कायद्याची किमान रक्कम. एनएफआयपी एका कुटुंबाच्या घराच्या इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर देते. तुमचं कर्ज ४,५०,०००. इमारत पुन्हा उभी करायला, जमीन वगळून, आपण ४,००,००० धरू. सगळ्यात लहान २,५०,०००, म्हणून बँकेच्या पत्रात तोच आकडा दिसेल. तुमचं कर्ज १,८०,००० असतं तर बँक १,८०,००० वर समाधानी झाली असती, मग घर बांधायला चार लाख लागोत की पाच. बँक तिच्या पैशांपुरतं बघते आणि त्यात तिचं काही चुकत नाही. घरातल्या सामानाबद्दल ती अवाक्षर काढत नाही, कारण तुमचा सोफा तिच्याकडे तारण नाही. घर राहण्यालायक होईपर्यंत तुम्ही भाडं कुठून भराल हाही तिचा विषय नाही. आणि एनएफआयपीची पॉलिसी ते भाडं देतही नाही.

तुमचा जो नेहमीचा घराचा विमा आहे त्यात पूर नाही. आग, चोरी, वादळाने उडालेलं छप्पर, आतून फुटलेला पाइप, हे सगळं त्यात आहे. जमिनीवरून वाहत घरात शिरलेलं पाणी नाही. गटाराचं पाणी उलटं येऊन बेसमेंटमध्ये भरलं, तर त्यासाठी त्याच पॉलिसीला वेगळी पुरवणी जोडावी लागते. ती अजून जोडली नसेल तर आजच फोन करा. रॅरिटनच्या काठाला तुम्हाला दोन्ही लागतील.

मी या धंद्यात नवीन असताना एका जोडप्याने मला म्हटलं, "बँकेला जेवढा हवा तेवढाच द्या." मी दिला. इमारतीला बँकेच्या हिशोबाने, सामानाला शून्य. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ आलं आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर कमरेइतकं पाणी चढलं. भिंती, वायरिंग, घर गरम ठेवणारी भट्टी यांचे पैसे मिळाले. फ्रिजपासून लेकीच्या पुस्तकांपर्यंत बाकी सगळं कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेलं, आणि त्याचा एक डॉलर मिळाला नाही. त्यांनी मला दोष दिला नाही. पण सामानाच्या विम्याबद्दल मी तेव्हा अर्धा तास बोलायला हवं होतं, आणि बोललो नव्हतो. त्यानंतर सामानाचा विमा मी प्रत्येक ग्राहकाला वेगळा समजावतो. नको असेल तर कागदावर "नको" लिहून घेतो, म्हणजे निदान नीट विचार करून नको म्हटलेलं असतं.

नकाशावर तुमचं घर जास्त धोक्याच्या पट्ट्यात आहे, म्हणजे त्या जागी पूर येण्याची शक्यता दरवर्षी किमान एक टक्का. लोक याला "शंभर वर्षांचा पूर" म्हणतात आणि समजतात की एकदा येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी. तसं नाही. दरवर्षी एक टक्का ही चिठ्ठी नव्याने निघते. तीस वर्षांच्या कर्जात एकदा तरी ती निघण्याची शक्यता सव्वीस टक्के येते, म्हणजे चारात एक. हा आकडा ऐकून लोक थोडे गप्प होतात.

आणि नकाशावरची रेषा पाण्याला माहीत नसते. मी मूळ सांगलीचा. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं की आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या पुरानंतर घराघरांत भिंतीवर खूण होती, पाणी इथपर्यंत आलं होतं. लोक त्या खुणेच्या वर सामान रचून निश्चिंत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांच्या वर गेली आणि त्या खुणेच्याही वर चढली. ह्यूस्टनमध्ये २०१७ च्या हार्वी वादळात हॅरिस काउंटीत दीड लाखांवर घरांत पाणी शिरलं. त्यातली साधारण दोन तृतीयांश घरं फेमाच्या जास्त धोक्याच्या पट्ट्याबाहेरची होती, म्हणजे त्यांच्या बँकांवर पूरविमा मागायची सक्तीच नव्हती. तुमच्या बाबतीत बँकेने निदान आठवण तरी करून दिली.

आता लोमाबद्दल. मित्राने सांगितलं ते अर्धं बरोबर आहे. फेमाचे नकाशे मोठ्या भागासाठी ढोबळपणे काढलेले असतात, त्यात उंचवट्यावरची घरंही कधीकधी पट्ट्यात सापडतात. अशा वेळी सर्व्हेअर येऊन घराच्या भिंतींना लागून असलेल्या जमिनीचा सगळ्यात खालचा बिंदू मोजतो. तो बिंदू नकाशातल्या पूरपातळीइतका किंवा तिच्या वर असेल, तर नकाशातून ती इमारत वगळणारं पत्र फेमा देते. तेच लोमा. नैसर्गिक उंचवट्यासाठी फेमा पैसे घेत नाही, सर्व्हेअरची फी मात्र तुमची. भराव टाकून उंची वाढवलेली असेल तर अर्ज वेगळा आणि त्याला फीही आहे. कागद पुरे झाल्यावर फेमाला साधारण साठ दिवसांपर्यंत लागू शकतात. तुमच्याकडे चोवीस-पंचवीस आहेत. म्हणजे क्लोजिंगच्या आधी लोमा हातात येईल या भरवशावर राहू नका. आत्ता पॉलिसी घ्या आणि लोमाचा अर्ज मागाहून चालू राहू द्या. मंजुरी आली आणि बँकेने लेखी सांगितलं की आता सक्ती नाही, तर चालू वर्षाचा हप्ता परत मागायची सोय एनएफआयपीत आहे, अट ही की त्या वर्षी दावा केलेला नसावा. पण लोमा आली तरी बँक स्वतःच्या धोरणाने विमा मागत राहू शकते, तसा तिला अधिकार आहे.

आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. २०२१ च्या ऑक्टोबरपासून नव्या पॉलिसींना आणि २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणांना एनएफआयपीने दर ठरवायची पद्धत बदलली. तिला रिस्क रेटिंग २.० म्हणतात. आता हप्ता झोनच्या अक्षरावर ठरत नाही. घर पाण्यापासून किती लांब, पहिला मजला (इथे तळमजल्यालाच असं म्हणतात) जमिनीपासून किती उंच, पाया कसला, पुन्हा बांधायला किती खर्च, यावर तो ठरतो. झोन फक्त सक्ती आहे की नाही हे सांगतो. म्हणून लोमा मिळाली तरी तुमचा हप्ता आपोआप अर्धा होईल असं नाही. मला विचाराल तर सर्व्हेअरला बोलावण्याचा खरा फायदा निराळा आहे. त्याच फेरीत एलिव्हेशन सर्टिफिकेट करून घ्या. ते आता सक्तीचं नाही, पण त्यात पहिल्या मजल्याची मोजलेली उंची फेमाच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली तर हप्ता कमी होतो. कमी निघाली तर ते लावायची सक्ती नाही. विकणाऱ्यांकडे जुनं सर्टिफिकेट पडलेलंही असू शकतं, आधी ते मागा.

विकणाऱ्यांकडे सध्या एनएफआयपीची पॉलिसी असेल, तर ती तुमच्या नावावर करून घेता येते. जुन्या पॉलिसीचा हप्ता नव्या पद्धतीच्या पूर्ण दरापर्यंत अजून पोचलेला नसेल, तर ती सवलत तुमच्याकडे येते. राहत्या घरांच्या बहुतेक पॉलिसींना वर्षाला जास्तीत जास्त अठरा टक्के वाढीची मर्यादा आहे. २,४०० च्या जागी १,३०० ने सुरुवात झाली तर तुमची पहिली काही वर्षं सोपी जातील. विचारायला एक फोन लागतो.

खाजगी कंपन्यांचा पर्यायही आहे. २०१९ च्या जुलैपासून बँकांना कायद्याच्या अटीत बसणारी खाजगी पूरविमा पॉलिसी स्वीकारावीच लागते. काही खाजगी पॉलिसी २,५०,००० च्या वर जातात आणि तात्पुरत्या राहण्याचा खर्चही देतात. तुमचा कोट ज्या एजंटने दिला त्याला विचारा की कोट एनएफआयपीचा आहे की खाजगी कंपनीचा, कारण तुमच्या मजकुरावरून ते कळत नाही. खाजगीत माझी एकच काळजी असते. एखाद्या मोठ्या पुरानंतर कंपनीने नूतनीकरण नाकारलं, तर परत एनएफआयपीत यावं लागतं, आणि जुनी सवलत असली तर ती तोवर गेलेली असते. तुमच्याकडे विकणाऱ्यांची सवलतीची पॉलिसी येणार असेल तर मी एनएफआयपी ठेवेन आणि वरच्या दीड लाखासाठी (चार लाखांतून अडीच लाख वजा जाता) खाजगी एक्सेस पॉलिसी, म्हणजे एनएफआयपीच्या मर्यादेच्या वरचं देणारी, बघेन. ती येणार नसेल तर दोन्ही कोट शेजारी ठेवून ठरवेन.

आता बेसमेंट. तुम्ही लिहिलंय की बेसमेंट फिनिश केलेलं आहे, आई-बाबा आले की त्यांची खोली तिथे, आणि तुमचं ऑफिसही तिथेच. इथे मला जरा थांबून बोलायचंय.

२०२१ च्या १ सप्टेंबरला रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस आपल्याकडे कोसळला. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका तासात ३.१५ इंच पडला. रॅरिटन आणि मिलस्टोन जिथे मिळतात तिथलं मॅनव्हिल बुडालं. ते गाव १९९९ च्या फ्लॉइड वादळात बुडालं होतं आणि २०११ च्या आयरीनमध्येही. दोन दिवसांनी मी एका ग्राहकाच्या घरी गेलो. गणपती दहा तारखेला बसणार होते. बेसमेंटमध्ये मखराचे खोके, थर्मोकोलचे खांब, लायटिंगच्या माळा, सगळं जय्यत काढून ठेवलेलं. पाणी ओसरलं होतं आणि भिंतीवर साडेचार फुटांवर चिखलाची एक सरळ रेघ राहिली होती, पट्टी लावून आखावी तशी. कार्पेटवर बोटभर गाळ. ताई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून समई फडक्याने पुसत होत्या. त्यांच्याकडे पूरविमा होता, इमारतीला अडीच लाख, सामानाला साठ हजार. त्यांना वाटलं होतं सगळं मिळेल.

एनएफआयपी बेसमेंटला फार थोडं देते. भट्टी, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल, सम्प पंप, पाया, जिना, साफसफाई, न रंगवलेल्या ड्रायवॉलचे पैसे. सामानात वॉशर, ड्रायर, फ्रीझर. कार्पेट नाही, लाकडी फरशी नाही, बार नाही, पलंग नाही, टीव्ही नाही, ऑफिसचं टेबल आणि कॉम्प्युटर नाही. अठ्ठावीस हजार डॉलर घालून फिनिश केलेल्या बेसमेंटचे त्यांना कोऱ्या भिंतींचे पैसे मिळाले. त्यांच्या साठ हजारांच्या सामानाच्या विम्यातून वॉशर आणि ड्रायर एवढंच निघालं, कारण बाकीचं सामान होतं तिथे पॉलिसी लागू होत नव्हती.

यात एक बारकावा तुमच्या उपयोगाचा आहे. एनएफआयपीच्या व्याख्येत, ज्या भागाची जमीन चारही बाजूंनी बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली आहे त्याला बेसमेंट म्हणतात. तुमच्या मागच्या अंगणात दार थेट जमिनीच्या पातळीवर उघडत असेल, पायऱ्या न चढता बाहेर पडता येत असेल, तर तो भाग बहुधा बेसमेंट धरला जात नाही आणि संरक्षण बरंच वाढतं. फोटो काढून एजंटला पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. चारही बाजूंनी खाली असेल तर खाजगी पॉलिसीच्या बेसमेंटच्या अटी वाचा, काहींमध्ये जरा जास्त मिळतं. आणि आई-बाबांची खोली वर करा. हे विम्याचं म्हणून सांगत नाही. आयडाच्या रात्री आपल्या भागातल्या बेसमेंटांत पाणी मिनिटांत भरलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला अंधारात जिना लवकर सापडत नाही.

विकणारे "बारा वर्षांत पाणी नाही" म्हणतात. बारा वर्षांत आयडा येते. खोटं बोलताहेत असं मी म्हणत नाही, गल्लीच्या एका टोकाला पाणी येतं आणि दुसऱ्या टोकाला येत नाही हे मी पाहिलंय. पण तोंडी उत्तरावर राहू नका. २० मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराबद्दल लेखी माहिती देणं बंधनकारक आहे: घर जास्त धोक्याच्या पट्ट्यात आहे का, पुराने नुकसान झालं का, विमा होता का, दावा केला का, सरकारी मदत घेतली का. तो फॉर्म तुमच्या अ‍ॅटर्नीकडे असायला हवा. मदतीचा प्रश्न विशेष वाचा. या घरासाठी आधी कुणी सरकारी पूरमदत घेतली असेल आणि तिच्यासोबत विमा चालू ठेवायची अट असेल, तर ती अट घराबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. ती मोडली तर पुढच्या वेळी मदत नाकारली जाऊ शकते. जुन्या दाव्यांचा इतिहास फेमाकडून मालकालाच मागता येतो, म्हणून तो तुमच्या अ‍ॅटर्नीने विकणाऱ्यांकडून मागवावा. शेजारच्या दोन घरांची बेल वाजवा. आयडाच्या रात्री गल्लीत काय झालं विचारलं की लोक भडभडून बोलतात.

"पूर आलाच तर सरकार देईलच की" असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. फेमाची मदत राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तरच मिळते. ती घर राहण्याजोगं व्हावं एवढ्यापुरती असते, नुकसानभरपाई नसते. त्यापुढे जे मिळतं ते एसबीए या सरकारी संस्थेचं कर्ज, आणि ते मॉर्गेजच्या डोक्यावर आणखी एक फेडायचं.

आता वेळेबद्दल, कारण तुमच्याकडे तीच कमी आहे. एनएफआयपीची नवी पॉलिसी साधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. नव्या कर्जासाठी घेतली आणि अर्ज-हप्ता क्लोजिंगच्या वेळी किंवा आधी दिला, तर ती क्लोजिंगच्या क्षणापासून लागू होते. ही सूट बँकेला लागणाऱ्या पॉलिसीची आहे. म्हणून सामानाचा विमा "नंतर बघू" म्हणून सोडू नका, त्याच अर्जात घाला. मागाहून वाढवायला गेलात तर तीस दिवस थांबावं लागेल, आणि वादळाचं नाव बातम्यांत आल्यावर तर उपयोगच नाही. या योजनेला संसदेची मुदतवाढ वेळोवेळी लागते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकार ठप्प झालं तेव्हा नव्या पॉलिसी देणं थांबलं आणि कित्येकांचे क्लोजिंग लटकले. तेव्हा अर्ज शेवटच्या दिवसावर टाकू नका.

पॉलिसी काढली नाही किंवा पुढे कधी ती बंद पडली तर बँक नोटीस पाठवते. पंचेचाळीस दिवसांत पुरावा मिळाला नाही तर ती स्वतः विमा काढून तुमच्याकडून पैसे वसूल करते. हा जबरीचा विमा जवळजवळ नेहमीच महाग असतो आणि बघतो बँकेचं हित. बरेचदा असं होतं की पॉलिसी चालूच असते, पण बँकेने कर्ज दुसऱ्या कंपनीकडे दिलं आणि कागद तिथे पोचला नाही. नोटीस आली तर घाबरू नका, त्याच दिवशी डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीचा गोषवारा असलेलं पान, पाठवा. दोन्ही विमे एकाच काळात चालू होते हे दाखवलं की तेवढ्या काळाचे पैसे बँकेला तीस दिवसांत परत द्यावे लागतात. बहुतेक मोठ्या बँका आता पूरविम्याचा हप्ता एस्क्रोमधूनच, म्हणजे तुमच्याकडून दरमहा घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशांतून, भरतात, त्यामुळे तुमच्या महिन्याच्या हप्त्यात २०० डॉलर धरा.

डिडक्टिबलबद्दल, म्हणजे दाव्यातून आधी कापल्या जाणाऱ्या तुमच्या वाट्याबद्दल, एवढंच: एनएफआयपीत ते इमारतीला वेगळं आणि सामानाला वेगळं कापलं जातं. हप्ता कमी दिसावा म्हणून १०,००० चं घेतलंत, तर दोन्हीकडे मिळून तुमच्या खिशातून २०,००० जाऊ शकतात. पहिलं घर घेतल्यावर लगेच एवढी रोकड कुणाकडे उरते? बँकेलाही कधीकधी इतकं मोठं चालत नाही. दावा मंजूर झाला तर इमारतीचा चेक तुमच्या आणि बँकेच्या जोडनावावर येतो, आणि दुरुस्ती होत जाईल तसतसे बँक पैसे सोडते. हातात थोडी शिल्लक नसेल तर कंत्राटदार कामाला हात लावत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? उद्या बँकेकडून फ्लड डिटरमिनेशनची, म्हणजे घर कुठल्या झोनमध्ये आहे ते ठरवणाऱ्या कागदाची, प्रत मागितली असती आणि त्यात नकाशाचा क्रमांक व झोन आपल्याच इमारतीचा आहे ना ते तपासलं असतं. मोठ्या प्लॉटवर कधीकधी मागचं अंगण पट्ट्यात असतं आणि घर बाहेर. सक्ती इमारतीवर आहे, अंगणावर नाही, आणि परसातल्या सुट्या शेडवरही नाही. त्याच दिवशी विकणाऱ्यांची पॉलिसी, जुनं एलिव्हेशन सर्टिफिकेट आणि दाव्यांचा इतिहास मागितला असता. या आठवड्यातच सर्व्हेअर ठरवला असता. इमारतीला २,५०,००० वर थांबलो नसतो, वरच्या दीड लाखाचा कोट घेतला असता. सामानाला निदान पहिल्या मजल्यावरच्या वस्तूंपुरता विमा घेतला असता. त्यासाठी संध्याकाळी फोन घेऊन एकेक खोलीचा व्हिडिओ करा, कपाटं उघडून, मिक्सर-कुकरसकट. दाव्याच्या वेळी तोच कामाला येतो, आणि नुकसानीचा सही केलेला हिशोब साठ दिवसांत द्यायचा असतो.

घर घ्यावं की नाही, हे मी इथून ठरवू शकत नाही. पाणी आयडात बेसमेंटपर्यंतच आलं असेल आणि पहिला मजला उंच असेल, तर विमा नीट घेऊन, हीटर आणि पॅनल वर चढवून त्या घरात सुखाने राहणारे माझे ग्राहक आहेत. पाणी पहिल्या मजल्यावर आलं असेल तर मी किमतीवर पुन्हा बोलल्याशिवाय पुढे गेलो नसतो. इन्स्पेक्शन किंवा विम्याच्या अटीवर करारातून बाहेर पडायची मुदत अजून उरली आहे का, हे अ‍ॅटर्नीला आजच विचारा. सर्व्हेअरचा आकडा आणि विकणाऱ्यांचा फॉर्म हातात आला की इथेच लिहा, इमारतीची आणि सामानाची रक्कम आपण पुन्हा मांडून बघू.